वरिष्ठांना फोन द्या

आमच्या मोठ्या बाई कशानेच मोठ्या नव्हत्या. उंची जेमतेम, पद आमच्याइतकंच, टेबल सगळ्यात शेवटचं आणि तेही पंख्याच्या वाऱ्याबाहेर. कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे आमचं काम. कोणी गिऱ्हाईक "तुमच्याशी बोलायचंच नाही, वरिष्ठांना फोन द्या!" असं ओरडलं, की तो फोन बाईंकडे जायचा. खरे वरिष्ठ म्हणजे साहेब. ते कायम मीटिंगमध्ये असत, आणि नसले की मीटिंगच्या तयारीत.

ही प्रथा बाईंनीच पाडली. एकदा आमच्यातली एक पोरगी शिव्या ऐकून हमसाहमशी रडायला लागली. बाईंनी तिचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. "नमस्कार, मी इथली वरिष्ठ बोलतेय. बोला दादा." दादा बोलले. आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून दमले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. चूक आमच्याकडून झाली." दादांची हवाच गेली. तेव्हापासून खोलीतला सगळा राग शेवटच्या टेबलावर जमा व्हायला लागला आणि आम्ही निवांत चहा प्यायला लागलो.

ऐकताना हात रिकामे राहतात म्हणून बाई विणायच्या. गिऱ्हाईक जितकं तापट, तितके टाके घट्ट. मला त्यांनी एक टोपी दिली होती, ती काही केल्या डोक्यात शिरेना. कोणीतरी फारच शिवराळ भेटला असणार. तरी ती टोपी मी टेबलावर मिरवायचे, कारण बाईंवर माझा जीव होता. आणि माझं डोकं लवकर तापत असल्यामुळे माझेच फोन त्यांच्याकडे जास्त जायचे.

मध्यंतरी साहेबांना कुठूनसं कळलं, की कर्मचाऱ्यांच्या मनाचीही काळजी घ्यायची असते. भिंतीवर हसऱ्या सूर्याचं चित्र लागलं. एक तज्ज्ञ आले, त्यांनी आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. दोघं घोरले. मग त्यांनी विचारलं, "ताण आला की तुम्ही कोणाकडे जाता?" अख्ख्या खोलीने शेवटच्या टेबलाकडे बोट केलं. ते खूश होऊन बाईंकडे वळले. "आणि तुम्ही हो?"

"मी?" बाई गडबडल्या. "माझा फोन वाजतोय वाटतं." फोनबिन काही वाजत नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई घरी चष्मा विसरल्या आणि त्यांचे यजमान तो द्यायला आले. निवृत्त बसड्रायव्हर, दणकट गडी, आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. दारात मी भेटले. चष्मा माझ्या हातात देऊन ते तिथेच घुटमळत राहिले.

"काय झालं काका?"

"ही इथे बोलते का गं?"

"म्हणजे काय! दिवसभर बोलतात."

"घरी नाही बोलत." काकांनी आवाज खाली आणला. "पूर्वी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आता हूं नाही की चूं नाही. काल जिन्यातच बसून राहिली होती. म्हटलं, आत ये ना. तर म्हणाली, आत आले की तुम्ही काहीतरी विचाराल."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. "आम्हाला काय सांगता काका? त्यांना सांगा! इथे फोन करून कोणीही बोंबललं तर त्याचं सगळं ऐकतात त्या, आणि तुमचं नाही ऐकणार?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"तक्रार आहे," पलीकडून दणदणीत आवाज आला.

"बोला सर. मशीन कुठलं?"

"मशीन ठणठणीत आहे. बायको बोलत नाही. तुम्ही लोक तिला रोज पूर्ण रिकामी करून घरी पाठवता. मला वरिष्ठांना फोन द्या."

हसावं की रडावं मला कळेना. मी गुपचूप फोन शेवटच्या टेबलावर जोडला. शेजारणीने विचारलं, "कोण आहे?" मी सांगितलं. ती गोष्ट क्षणात खोलीभर झाली आणि सगळे कानात प्राण आणून बसले.

"नमस्कार, मी इथली वरिष्ठ बोलतेय. बोला दादा," बाई म्हणाल्या. सुया चालू होत्या. मग थांबल्या. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "तुमचं बरोबर आहे. चूक..." पुढचे शब्द येईनात. लोकर मांडीवरून खाली घरंगळली.

"अहो," त्या म्हणाल्या.

इतका थकलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "अहो, मला नाही हो ऐकवत आता कोणाचं." आणि बाई बोलायला लागल्या. रडत, नाक पुसत, थांबत, पुन्हा बोलत.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या फोनवर एक गिऱ्हाईक तापलं आणि "वरिष्ठांना फोन द्या!" म्हणून ओरडायला लागलं. बाईंनी बोलता बोलता सवयीने हात पुढे केला. पण त्याआधीच ती पोरगी, एकदा हमसाहमशी रडलेली, ताठ बसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी इथली वरिष्ठ बोलतेय. बोला दादा." शेवटपर्यंत तिने फोन सोडला नाही.

आता आम्ही आळीपाळीने वरिष्ठ होतो. साहेबांना पत्ता नाही. माझा पहिल्यांदा नंबर लागला त्या दिवशी नको तेवढं ऐकलं मी, आणि दर वेळी "तुमचं बरोबर आहे" म्हणताना दात आवळले. संध्याकाळी पर्स उचलून निघाले, तर बाई दारात थांबलेल्या.

"सरळ घरी जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "जिन्यात बसशील. आमच्याकडे चल आधी. आमच्या घरी ऐकायला माणूस आहे."