हंड्याचा कायदा

“नाव घेतलं! नाव घेतलं बे त्यानं! उचल हंडा!”

माझ्या बायकोचे मामा ग्रामसभेत असे ओरडले, की पारावरची कबुतरं उडतात ती थेट उमरखेडच्या बसस्टँडवर जाऊन बसतात. सबंध यवतमाळ जिल्ह्यात गावावर इतका जीव टाकणारा आणि गावाच्या कानाचे इतके हाल करणारा दुसरा माणूस नाही. असलाच तर दोघांपैकी एकाला जिल्हा सोडावा लागेल.

मामांचा हट्ट एकच. आधी नाली, मग दिल्ली. टीव्हीवर पुढाऱ्यांची भांडणं लागली, की मामा उठून पडद्यावर दुपट्टा टाकतात आणि मला विचारतात, “जवाईबापू, यायच्या भांडणानं आपली नाली साफ होऊन राह्यली का?” मत मागायला आलेल्या एका पांढऱ्याशुभ्र उमेदवाराला तर त्यांनी हात धरून नाली दाखवायला नेलं. तो घोट्यापर्यंत पांढरा राहिला नाही. चहा मात्र मामांनी प्रेमानं पाजला.

अशा माणसाच्या गावाला मागच्या निवडणुकीत पार्ट्यांची लागण झाली. चहाच्या टपऱ्या दोन झाल्या, न्हावी वाटले गेले, पोळ्याला तोरणं दोन लागली आणि कोणत्या तोरणाखाली जावं हे न कळून बैल रस्त्यातच बसले. एका पार्टीचा म्होरक्या भास्कर, दुसरीचा देविदास. दोघं सख्खे साडू. बायका कुडावरून भाजीच्या वाट्या देत-घेत होत्या, पण नवरे एकमेकांच्या सावलीला वळसा घालून जात.

यात मरण झालं बंजाऱ्यांच्या तांड्याचं. तांडा टेकडीवर, पंचायत आमचीच. तिथल्या बाया गावच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेत. विहीर आपली, निधी पंचायतीत पडलेला, मोटर बसवून पाइप टाकायला फक्त ग्रामसभेचा ठराव पाहिजे. पण भास्कर म्हणे, हे आमच्या साहेबांच्या कृपेनं. देविदास म्हणे, आमच्या. की सभा उधळली!

शेवटी मामांनी कायदा मांडला. ग्रामसभेत जो पुढाऱ्याचं नाव घेईल, त्यानं विहिरीवरून तांड्यावरच्या रिकाम्या टाकीत हंडाभर पाणी नेऊन टाकायचं. डोक्यावरून. ठराव एकमतानं पास झाला, कारण भास्करच्या लोकांना खात्री होती की जीभ घसरणार ती देविदासची, आणि देविदासच्या लोकांना भास्करची.

घसरल्या दोघांच्याही. पुढच्या सभेपासून टेकडीवर अशी रांग लागली, की खालून बघणाऱ्याला जत्राच वाटावी. तांड्याच्या गुलाबबाई, आमच्या पंचायतीच्या सदस्य, दारात उभ्या राहून स्वागत करत. “भाऊ, हळू जी,” त्या भास्करला म्हणाल्या, “तुमचे साहेब सांडून राह्यले.” भरउन्हात अर्ध्या चढावर भास्कर आणि देविदास एकाच पळसाखाली टेकले. देविदास म्हणाला, “काय गा, या बाया रोज येतात इथून?”

“रोज,” भास्कर म्हणाला. निवडणुकीनंतर दोघांचं हे पहिलं बोलणं.

त्यानंतरच्या सभेत पाइपाचा ठराव झाला. कुणाच्याच कृपेनं नाही, नुसता हात वर करून. चर खोदायला दोन्ही पार्ट्या फावडी घेऊन आल्या. भांडल्या, पण चर सरळ कुठून जावा यावर.

पाणी आलं त्या दिवशी ग्रामसभा तांड्यावरच भरली. टाकी भरून वाहत होती. मामा बोलायला उठले, गहिवरले, आणि आयुष्यभर ज्याला गुपचूप मत दिलं, त्या आपल्या जुन्या पुढाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. “आज ते असते तर...”

ओरडणाराच अडकला, आता ओरडणार कोण?

मामांनी हंडा उचलला. गुडघे कामातून गेलेले. भास्कर आणि देविदास दोन्ही बाजूंनी धावले, तर मामांनी दोघांना झिडकारलं. “कायदा माझ्यासाठी वेगळा हाये का बे?” ते खाली गेले, विहिरीवरून हंडा भरून चढ चढून आले. दोघं साडू मागं मागं, हात पुढं करून, तोल गेला तर धरायला. अर्धं पाणी मामांच्या सदऱ्यावर सांडलेलं. उरलेलं त्यांनी भरून वाहणाऱ्या टाकीत ओतलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “पोरगे चांगले हायेत आपले.”

मला भरून आलं. मी गुलाबबाईंना म्हटलं, “आता नळ आला. हंड्याचा कायदा काढून टाकायचा ना?”

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मोटर बंद पडते कधी कधी.”