सोडलेल्या विषयाच्या बाईंकडे

मार्लीना फ्यूगेटच्या घरात मदत मागायची पद्धत नव्हती. अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या त्या डोंगरात ती फारशी कुठेच नाही, छप्पर उडालं तरी माणूस म्हणेल, "भागतंय आमचं." म्हणून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत शंभरापैकी अडतीस पडले, तेव्हा ती तो विषय शिकवणाऱ्या प्रुइटबाईंकडे गेलीच नाही. ऑफिसात फॉर्म भरला आणि विषय सोडून दिला. गुणपत्रिकेवर श्रेणीच्या जागी 'डब्ल्यू', म्हणजे विषय अर्ध्यात सोडल्याची खूण, उमटला.

पुढच्या वर्षी तिने तोच विषय त्याच बाईंकडे पुन्हा घेतला, पहिल्या बाकावर बसली आणि 'बी' मिळवला. आधीच्या सोडण्याबद्दल दोघींत अवाक्षर निघालं नाही.

आता मेडिकलच्या अर्जाला विज्ञानाच्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवी होती. जीवशास्त्राच्या सरांनी होकार दिला होता. दुसऱ्या पत्राचं अडलं होतं. कॉलेजचे सल्लागार स्टर्जिल म्हणाले, "ज्यांनी 'ए' दिलाय त्यांना गाठ. प्रुइटबाईंना त्या 'डब्ल्यू'ची कशाला आठवण करून देतेस?"

'ए' दिला होता भौतिकशास्त्राच्या सरांनी. वर्गात दोनशे मुलं.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी आई घरी मक्याच्या पावाचं पीठ घोटत होती. तिने विचारलं, "त्या साहेबांना तुझं तोंड तरी ठाऊक आहे का गं?"

"नाही."

"मग लिहितील काय? केस तपकिरी आहेत म्हणून?"

सोमवारी मार्लीना प्रुइटबाईंच्या खोलीत गेली, पत्र मागितलं आणि गुणपत्रिका पुढे ठेवली. बाईंनी गुणपत्रिका वाचून चष्मा काढला. "आधी हा डब्ल्यू का, ते सांग."

डब्ल्यूबद्दल कोणी विचारलंच तर सांगायला स्टर्जिलनी शिकवलेलं 'कौटुंबिक अडचणी' ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"अडतीस पडले, मॅडम. घाबरले. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले."

"दार तर उघडंच होतं."

"हो ना. म्हणूनच तर परत फिरले. बंद असतं तर निदान निमित्त मिळालं असतं."

बाईंना हसू आलं, पण आवाज कडकच राहिला. "पत्र देईन मी. त्यात या डब्ल्यूबद्दल लिहीन, झाकणार नाही. चालत नसेल तर दुसरं कोणी बघ. मला राग येणार नाही."

शिफारसपत्राच्या फॉर्मवर एक चौकट होती: हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडते. खूण केली नाही तरी चालतं, पण मग मेडिकलवाले पत्र तितकंसं मनावर घेत नाहीत. आपलं सगळ्यात लाजिरवाणं पान आपल्याला न दाखवता लिहिलं जाणार, आणि त्यावर पुढचं सगळं आयुष्य ठरणार. मार्लीनाचं पेन घटकाभर थांबलं. मग तिने ठसठशीत खूण केली, खाली सही केली.

"आई विचारेल, काय लिहिणार म्हणून," ती म्हणाली.

"सांग, बाईंनी सांगितलं नाही."

मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. आईला फोन झाल्यावर ती धावत निघाली ती थेट प्रुइटबाईंकडे. बाईंनी उठून तिला मिठी मारली, डोळे पुसले, आणि खोडकरपणे म्हणाल्या, "आता काम झालंय. सांगू का काय लिहिलं होतं?"

"नको, मॅडम," मार्लीना ताठ उभी राहून म्हणाली. "मी सही केलीय."