खोक्यावरची उंच अक्षरं

त्या अक्षरकाराची घटना आठवली नाही, असा एकही महिना निवृत्तीनंतर गेलेला नाही.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याची फिर्याद होती. त्याच्या नावाच्या नकली खोक्यांत हलका माल भरून कोणीतरी दिल्लीला पाठवत होतं. खोक्याची पट्टी अरुंद आणि इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून त्याने धुळ्याच्या एका अक्षरकाराकडून खास अक्षरं काढून घेतली होती. उंच, अरुंद, टोकांना छोटे पाय असलेली. ट्रकमधल्या थप्पीवरही नाव लांबून वाचता यायचं.

खबर व्यापाऱ्याच्या मॅनेजरनेच दिली. "साहेब, अक्षरांची फाइल फक्त नानांकडे आहे. त्यांनीच विकली."

मला पटलं. नानांना धुळ्याहून आणून ठाण्यात बसवलं.

"नाना, खोकं बोलतंय, तुम्ही का गप्प?" हवालदाराने टोमणा मारला.

नानांनी नकली खोकं निरखलं. "हाई मन्हं अक्षर नई शे."

अक्षर आपलं नाही म्हणून टाळतोय, असं वाटून मी कानफटात मारली. सत्तरीतल्या माणसाला. त्यांचा चष्मा पडला. तो उचलून, पुसून त्यांनी पुन्हा खोक्याकडेच पाहिलं. "मारा साहेब. पण आधी खरं खोकं शेजारी ठेवा."

ठेवलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती.

"अरुंद अक्षर दाबून होत नाही, नव्यानं काढावं लागतं," नाना म्हणाले. "मी उभे दांडे जाड ठेवले, फक्त पोटातली जागा कमी केली. यानं साधं अक्षर कॉम्प्युटरवर दोन्हीकडून चेपलंय. उभे दांडे बारीक झाले, आडव्या रेघा जाडच राहिल्या. माझी फाइल असती तर असं कशाला केलं असतं? रुंद करून बघा."

ठाण्यातल्या ऑपरेटरने खोक्याचा फोटो घेऊन आडवा ताणला. चेपलेला 'ओ' हळूहळू गोल झाला. पडद्यावर लग्नपत्रिकेवरचं नेहमीचं अक्षर उभं राहिलं. हवालदाराने टोपी काढून हातात घेतली. जन्मभर जे रोज वाचत आलो, ते मी प्रथमच पाहत होतो.

पत्रिका छापणारे छापखाने तपासले. जळगावच्या एका छापखान्यात चेपलेल्या नावाची फाइल मिळाली. ऑर्डर त्या मॅनेजरचीच होती.

निघताना नाना म्हणाले, "शेठला एवढं सांगा साहेब, नानानं अक्षरं विकली नाहीत. माझं काम या भरवशावरच चालतं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. सांगायचं तर तपास कोणी लावला आणि त्याला मी काय दिलं, हेही सांगावं लागलं असतं. दोषारोपपत्रात 'बारकाईने पाहता माझ्या निदर्शनास आले' असं लिहिलं. प्रशस्तिपत्र मिळालं. मॅनेजरला फाइल नानांनीच दिली, असं शेठ धरून बसला. त्याने नानांना काम देणं बंद केलं, त्याचं पाहून इतरांनीही.

आपल्या कामाबद्दल बोलणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्यावं, हे मी पुढे नव्या फौजदारांना शिकवत राहिलो. कुठे शिकलो, ते मात्र सांगितलं नाही.

आज माझा जबाब लिहून देतो. नानांनी अक्षरं विकली नव्हती. हे मला त्याच दुपारी कळलं होतं.