पर्फंक्टरीचा खुलासा

माझ्या थोरल्या जाऊ द्वारकाबाई गावात अंगणवाडी चालवायच्या. सातवी पास, पण न वाचता सही म्हटलं की त्यांचा हात उचलायचाच नाही.

सत्त्याऐंशी साली साहेब तपासणीला आले आणि शेरेबुकात लिहून गेले, 'बालकांच्या वजनांच्या नोंदी पर्फंक्टरी. आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त.' बाकी मराठी, तो शब्द तेवढा इंग्रजी. गावात कुणालाच कळेना. मीच म्हटलं, "बाई, 'माफी असावी' लिहा अन् मोकळ्या व्हा."

"कशाची माफी, तेच ठाऊक न्हाई," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन एस.टी.नं अंबडला निघाल्या. तिथं माझे हायस्कुलातले कमरोद्दीन मास्तर होते.

मास्तरांनी जाडा शब्दकोश उघडला. "लॅटिनमधून आलाय. मुळात अर्थ, काम पार पाडून सुटणं. पुढं झाला, सुटण्यासाठीच उरकलेलं काम. बोटं तसबीच्या मण्यांवर अन् डोळे रस्त्यावर, तर ती इबादतबी पर्फंक्टरी."

"म्हंजे मला कामचुकार म्हणले?"

"न्हाई बाई. हा शब्द जास्त करून कामाला लावतात, माणसाला कमी."

परतताना फाट्यावर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "साहेबाचं बराबर हाय गं. वजनाचा काटा मोडल्यापासून दोन महिने मी अंदाजानंच लिहून राह्यले."

"मंग आता तरी माफी लिहा."

"तीबी पर्फंक्टरीच व्हईल. आधी वजनं करू."

शनिवारी त्यांनी लालमियाँच्या दुकानातली धान्याची तागडी मारुतीच्या पारावर टांगली. साळूबाईनं लेकरू पदराखाली घेतलं. "ज्वारीवानी तोलता व्हय? नजर लागंल माझ्या पोराला!"

"नवस फेडताना देवापुढं गुळानं लेकराची तुला करता का न्हाई? ही तशीच समज. गुळाच्या जागी लोखंडी मापं," म्हणत बाईंनी त्याच्या कपाळी अंगारा लावला आणि त्याला पारड्यात बसवलं.

वहीत तो नऊ किलोचा होता. भरला साडेसहा.

बाईंनी मापं काढून पुन्हा ठेवली. साडेसहाच. "लेकरू वाळून राह्यलं अन् मी नऊ लिहिते!" एवढंच बोलल्या आणि पुढचं लेकरू घेतलं. बत्तीसच्या बत्तीस तोलली, मगच पाणी प्याल्या.

खुलासा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. 'शेरा मान्य. दोन महिने वजने अंदाजे लिहिली. आजची खरी सोबत जोडली आहेत. साळूबाईच्या मुलास दुप्पट आहार व डॉक्टर पाहिजे.'

"अशी कबुली दिली तर नोकरी जाईल, बाई," मी म्हटलं.

"गेली तर गेली. नऊ पुन्हा लिहिणार न्हाई."

नोकरी राहिली. लेखी ताकीद आली आणि डॉक्टरही आले. नवा काटा मात्र दिवाळीपर्यंत आला नाही. तोवर दर शनिवारी तागडी पारावर टांगलेली असायची. साळूबाईचं पोर आठ किलो भरलं, त्या दिवशी ती खरंच गुळाची ढेप घेऊन आली. मारुतीपुढं ठेवली आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना वाटली.