बंद कूलर

हिमालयातला ट्रेक संपवून मी ऐन मे महिन्यात नागपूरला परतले. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच उन्हानं थोबाडीत मारली. घर येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे फक्त कूलर होता. आत शिरले तर तोच बंद. जाळीतला वाळा कोरडा ठणठणीत, आणि आई पेपरच्या घडीनं वारा घेत बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"एवढ्या उन्हात कूलर काहून बंद आहे? बिघडला तर दुरुस्त नाही करायचा?"

"बिघडला नाही वं," आई म्हणाली. "तू गेली तेव्हापासून लावलाच नाही. त्याच्या घरघरीत फोनची रिंग ऐकू येत नाही मले."

"पण वर रेंज नसते, फोन येणार नाही, हे सांगूनच गेले होते ना मी?"

"सांगितलं होतं. पण लागला असता तर?"

मी पाठीवरची सॅक खाली ठेवली. टाकीत पाइप सोडला, वाळा चिंब भिजू दिला आणि बटण दाबलं. कूलर घरघरायला लागला. आईला बर्फाचे फोटो दाखवायला मी मोबाईल काढला, तोवर ती खुर्चीतच गाढ झोपली होती.