काकांचं टपाली इंग्रजी

इंग्रजी भाषेशी जगात सर्वांत प्रामाणिक राहिलेला माणूस पेडणे तालुक्यातल्या पार्से गावात राहतो, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. हे मी उगाच म्हणत नाही. डिचोलीच्या एका कॉलेजात मी वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे, म्हणजे या भाषेला फसवणारी माणसं मी रोज पाहतो, आणि त्यांत मीही आलो. आम्ही लिहितो एक आणि बोलतो दुसरंच. काकांच्या घरी हा प्रकार चालत नाही. शब्दात जेवढी अक्षरं असतील तेवढी सगळी ते उच्चारतात. सुरी म्हणजे क्नाईफे, बुधवार म्हणजे वेडनेसडे, बेट म्हणजे इसलँड. जिभेला ते टोंगुए म्हणतात, आणि म्हणताना स्वतःची जीभ अशी काही फिरवतात की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझी समजूत होती की म्हाताऱ्याला येत नाही. पुढे कळलं की आमचे उच्चार त्यांना सगळे ठाऊक आहेत. ते त्यांना मान्य नाहीत, एवढंच.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका चाळीस वर्षं पोस्टमन होते. पार्शाच्या वाड्यावाड्यांतून, शेताच्या बांधांवरून, काजूच्या बागांतून त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं, आणि त्यांच्या हातून एक पत्र कधी गहाळ झालं नाही. पावसात भिजलेला कागद ते स्वतःच्या घरी चुलीजवळ वाळवून दुसऱ्या दिवशी पोचता करत. पत्ता अर्धा असो, अक्षर कोंबडीच्या पायाचं असो, पत्र पोचायचंच. हाच नियम त्यांनी इंग्रजीला लावला. मी एकदा शहाणपणा करून त्यांना सांगायला गेलो की क्नाईफेमधला के हा नुसता लिहायचा असतो, तेव्हा त्यांनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला. "जावयबापू, लिवणाऱ्यान तो के लिवलो मा? शाय वापरली मा? मग तो मदीच खंय ठेवतलंय मी? चाळीस वर्सां मी एक कागद वाटेर टाकूक नाय, आता अक्षरां टाकू?" भाषाशास्त्राची दोन पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, त्यांत याचं उत्तर नव्हतं.

पण काकांना कोंडीत पकडायचा एक हमखास रस्ता आपल्याकडे आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. आपल्या गोव्यातल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगं पोर्तुगीज लोक करून गेले. त्यामुळे पेडण्याच्या शेवटी एम, पार्शाच्या शेवटी एम, मांद्र्याच्या शेवटी एम, आणि माझ्या डिचोलीच्या तर सुरुवातीलाच बी. मी म्हटलं, "काका, सगळी अक्षरं म्हणायची ना? मग म्हणा, मी पेर्नेमचा आणि जावई बिचोलिमचा." काका मुळीच डगमगले नाहीत. म्हणाले, "गावाक गाववाले असत. तेंचां नाव काय तां ते सांगतत, पाटयेर कोणय कायय लिवंदी. एंग्लिश शब्दाक कोण असा? ना गाव, ना गावकर. म्हणान तेची राखण माका करूची पडता." त्यानंतर वर्षभर मी हा विषय काढला नाही.

हरमलचा किस्सा तर पंचक्रोशीत अजून सांगतात. निवृत्तीला एखादं वर्ष उरलं असताना काकांची बदलीवर हरमलला काही दिवस नेमणूक झाली होती. किनाऱ्यावर खोली घेऊन राहिलेल्या एका इंग्रज माणसाचं पार्सल आलं. काकांनी दारात उभं राहून खड्या आवाजात नाव वाचलं, "थोमास!" आतून लुंगी लावलेला एक लाल झालेला गृहस्थ बाहेर आला आणि म्हणाला, "टॉमस." काकांनी पार्सल काखेत मारलं. एच वगळणाऱ्या माणसाला एच लिहिलेलं पार्सल कसं द्यायचं? तो बिचारा पासपोर्ट दाखवतो, घरमालकीण साक्ष देते, शेजारचे मासे सुकवणारे जमतात, काका आपले ढिम्म. शेवटी भर उन्हात त्या माणसाने हात जोडले आणि म्हणाला, "थोमास." पार्सल मिळालं. पुढे तो काकांचा इतका दोस्त झाला की जाईपर्यंत रोज त्यांना चहा पाजायचा, आणि काका सांगतात की जाताना तो बुधवारला वेडनेसडे म्हणायला लागला होता. यातलं किती खरं मला माहीत नाही. काकांपुढे शंका काढायची सोय नाही, कारण शंकेला ते डाउब्ट म्हणतात आणि मग चर्चा त्यातल्या बीवर घसरते.

डॉक्टरकडे गेले तरी तेच. म्हापशाच्या डॉक्टरने विचारलं, काय होतं? काका म्हणाले, स्टोमाच दुखतंय. डॉक्टर तरुण होता, हसून म्हणाला, "काका, स्टमक." काका खुर्चीवरून उठले. "पोट माजां. दुखता माका. नाव तुमी ठरवतलास?" आणि औषध न घेता तसेच घरी आले. दोन दिवस पेज पिऊन पोट बरं केलं, ते निव्वळ जिद्दीवर.

हे सगळं गमतीत खपून गेलं असतं. पण काकांची नात मोठी होत होती. मुलगा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात, सून अंगणवाडीत. त्यामुळे ही पोर आजोबांच्या सायकलच्या कॅरियरवर वाढली. पाकिटांवरचे पत्ते वाचून तिने एबीसीडी गिरवली, आणि आजोबांनी म्हटलेलं प्रत्येक अक्षर तिने म्हटलं. शाळेत तिची स्पेलिंगची चूक कधी झाली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. चुकणार कशी? ती सगळं म्हणतच होती. पुढे ती नर्स झाली, म्हापशाच्या एका खाजगी इस्पितळात लागली, आणि तिथे एका मोठ्या डॉक्टरांसमोर तिने रुग्णाचा आजार सांगितला, "प्नेउमोनिया." सगळा वॉर्ड हसला. घरी येऊन ती जेवली नाही. त्यातच तिने परदेशातल्या एका इस्पितळात अर्ज केला, आणि त्यांचं बोलावणं आलं. कॉम्प्युटरवर समोरासमोर मुलाखत, सगळी इंग्रजीत, आणि बोलणं कसं आहे त्यावरच सगळं अवलंबून. बापाची बोटीपासून सुटका व्हायची असेल, आईच्या गुडघ्यांवर इलाज व्हायचा असेल, तर ही नोकरी मिळायला हवी होती.

तेव्हा सूनबाईने माझ्यासमोरच सासऱ्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही, पण डोळे वर केले नाहीत. "बाबानू, पोरीच्या जल्माचो सवाल असा. परीक्षा होयसर घरात इंग्लिश बोलू नकात." काका म्हणाले, "एंग्लिश माजां एकट्याचां? साऱ्या जगाक बोलूक देतत आणि माकाच कित्या बंदी?" पण दुसऱ्या दिवसापासून ते घरात बोलेनासे झाले. वर्तमानपत्र घेऊन काजूच्या बागेत जायचे आणि तिथे मोठ्याने वाचायचे. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर म्हणाले, काजूक खंय इंटरव्हिएव असा? मला त्यांचं हे बंड फार आवडलं आणि मी ते कॉलेजात सगळ्यांना सांगितलंही. पण दर शनिवारी ती पोर स्कूटरवरून डिचोलीला माझ्याकडे यायची, आणि तिच्या तोंडातून एकेक अक्षर काढून टाकायचं काम मीच करत होतो. के काढला, बी काढला, टी काढला. ती हुशार होती, पटापट शिकली. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "तुमी बरोबर सांगतास, पण आजोक दुखतलां." मी म्हटलं, आधी नोकरी, मग आजो. ते मी फार सहज म्हटलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे शुभकार्याआधी ग्रामदेवासमोर नारळ ठेवून एक जण सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. आणि पार्शाच्या त्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान काकांच्याच घराण्याचा. म्हणजे ज्या माणसाचं तोंड घरच्यांनी चार महिने बंद केलं होतं, त्याच माणसाने तोंड उघडल्याशिवाय पोरीचं मागणं देवापर्यंत जाणार नव्हतं. सूनबाई नारळ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. काकांनी नारळ घेतला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुजी लेकरां तुज्या दारात उबी असत, तेंची सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही माजी नात सातासमुद्रापलीकडे जावक निगाली असा. फाल्या थंयसरचे सायब तिची परीक्षा घेतले. तेंका सुबुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हे सायब लिवतत एक आणि बोलतत दुसरां. ह्या लबाडीचो जाब तू तेंका इचार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी लोक हसत हसत ओरडले. मीही ओरडलो. म्हातारा देवासमोरही माघार घेणार नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता!

मग काकांनी उपरणं सावरलं. पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. "पण ह्या पोरीच्या वाटेर माजी जीब आडवी येता नये. मी तिका जां काय शिकयलंय, तां सगळां तिच्या तोंडातसून काडून घे. माजो एक शबद तिच्या जिबेर उरता नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि त्या आवाजाच्या मागोमाग एक बारीक, ठणठणीत आवाज आला, "नाय म्हाराजा!"

नातच ती. हात जोडलेले, डोळे उघडे. त्या देवळात कुणी "नाय म्हाराजा" म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे पुढे काय करतात हेही कुणाला माहीत नव्हतं. काका वळले नाहीत. म्हणाले, "बाय, हयसर नाय म्हणूक येणा नाय."

"येता," ती म्हणाली. "गाऱ्हाणां माज्यासाटी असा."

काकांनी नारळ वाढवायला घेतला. पहिल्या दोन घावांत तो फुटला नाही. तिसऱ्यात फुटला. खोबऱ्याची शेरणी, म्हणजे प्रसाद, वाटून आम्ही घरी आलो.

नोकरी मिळाली. मुलाखत तिने अगदी निर्दोष दिली, एकही अक्षर जास्त नाही, एकही कमी नाही. मला गुरुदक्षिणा म्हणून तिच्या आईने काजूगरांचा डबा दिला. पोर गेली, तिकडे रमली, बाप बोट सोडून परत आला. काकांची घरातली बंदी उठली, पण ते बागेतच वाचत बसतात.

मागच्या रविवारी मी पार्शाला गेलो होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ फोन आला. ती वॉर्डातून बोलत होती. मध्येच तिकडच्या कुणीतरी तिला हाक मारली आणि ती वळून त्या बाईशी दोनेक मिनिटं इंग्रजीत बोलली, इतकं झरझर आणि इतकं तिकडचं, की निम्मं मलाही नीट लागलं नाही. काकांचा चेहरा फुलला होता. "आयकलास?" ते सुनेला, मुलाला, अंगणातून जाणाऱ्या माणसालाही बोलावून सांगत होते, "आयकलास कशी बोलता ती?" फोन बंद झाला, माणसं पांगली, आणि ओटीवर आम्ही दोघेच राहिलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "जावयबापू, तुमी मास्तर. बरोबर सांगा. माजो एकय शबद उरूक नाय मा?"

मी खूप लक्ष देऊन ऐकलं होतं. मी म्हटलं, "नाही काका. एकही नाही."

"बरां जालां," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. थोडं खोटं बोललो असतो तर काय बिघडणार होतं, हे मला पार्शापासून डिचोलीपर्यंत गाडी चालवताना वाटत राहिलं.