नांदेड ते लातूर, दोन काट्यांसोबत

मराठवाड्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंद व्हावी अशी घटना गांभीर्याने जाहीर करतो: लातूर जिल्हा नवा झाला त्या काळातल्या एका दुष्काळात, सकाळच्या गाडीने, मी दोन मापकांसह नांदेड स्थानकावर उतरलो. स्वागताला एकच हमाल होता. न्यूट्रॉन मापकाचा कलिंगडाएवढा पांढरा गोळा उचलून तो कण्हला. "ह्याचं तिकीट येगळं काढलं का साहेब?"

बाहेर जीप घेऊन चालक गौतमराव थांबले होते. मागे एक जाडजूड पेटी. तिच्यातल्या यंत्राने जमिनीतली ओल मोजायची. त्या यंत्रातून न्यूट्रॉन निघतात आणि गॅमा किरणही. एकाचं मापक दुसऱ्याला नीट मोजत नाही, म्हणून माझ्याकडे दोन. चालकाच्या वाट्याला दोन्ही मिळून किती येतं, ते पाहायला मला मुंबईहून धाडलं होतं.

"नीट मोजा," गौतमराव म्हणाले. "घरी महिन्याची लेक हाय. अजून हातात घेतली न्हाई. माझ्या अंगातून तिला काही लागलं तर?"

किरण अंगाला चिकटून घरी येत नाहीत, असं मी पुष्कळ समजावलं. ते अदबीने म्हणाले, "हाव. काटे काय म्हणतात ते बघू."

लोह्यापर्यंत दोन्ही काटे जेमतेम हलत होते. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी रानं, आणि मी विजयी मुद्रेने वही भरत होतो. अहमदपूरजवळ लिंबाखाली (म्हणजे कडुनिंबाखाली) आम्ही धपाटे सोडले (ज्वारीच्या पिठात तिखटमीठ घालून थापलेले). तसे धपाटे मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत. शेजारी कोरड्या हापशावर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. गौतमरावांनी सीटमागचे पाण्याचे दोन मोठे डबे न विचारता त्या घागरींत रिते केले.

पुढे निघालो आणि न्यूट्रॉनचा काटा चढला. गॅमाचा जवळजवळ जागच्या जागी. मी म्हणालो, "थांबवा." गौतमराव जीप थांबवून वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले.

"पेटी फुटली का?"

पेटीचं कुलूप, झाकण, सगळं शाबूत. मग माझी नजर रिकाम्या डब्यांवर गेली. सकाळपासून पेटी आणि चालक यांच्यामध्ये पाणी होतं. पाण्यात न्यूट्रॉन अडखळतात. गॅमा त्याला फारसे जुमानत नाहीत. त्यामुळेच तर हे यंत्र ओल ओळखतं. इतकी साधी गोष्ट मला लिंबाखाली सुचली नव्हती.

लातूरच्या नव्या कचेरीत पाटीचा रंग ओला होता, खुर्च्या यायच्या होत्या, पण पाण्याचं एक पिंप होतं. डबे भरले, काटा उतरला. रिकाम्या डब्यांनिशीही दोन्हींची बेरीज मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. तरी मी अहवालात सीटमागे मेणाच्या लाद्या सुचवल्या. त्याही न्यूट्रॉन अडवतात, आणि दुष्काळात कोणी प्यायला मागत नाही.

संध्याकाळी गौतमरावांच्या घरी गेलो. जयभीम झाला. त्यांना बाजेवर बसवून मी दोन्ही मापकं त्यांच्या छातीशी धरली. काटे ढिम्म.

परतीच्या गाडीत गोळा मांडीवर घेऊन बसलो होतो. आता मापकं खिशात मावतात आणि ते आकडे मी केव्हाच विसरलो. आठवतात त्या गौतमरावांच्या पत्नी, सुमनबाई. दोन्ही काटे त्यांनी वाकून पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि लेक त्याच्या हातात देत म्हणाल्या, "म्हंजे महिनाभर नुसतंच अंग चोरून राहिले व्हय."